ट्रान्स खेळाडू, महिलांचा गट आणि "ही नक्की मुलगी आहे का?"

अनघा_आठशे (धागाकर्ती):
बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणत होते, आज बसलेच. मी पूर्वी ८०० मीटर पळायचे, आता १२ ते १७ वयाच्या मुलींना शिकवते. मागे एका स्पर्धेत माझी एक तेरा वर्षांची पोरगी शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सगळ्यांना मागे टाकून पहिली आली, ती अजून गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होती आणि कठड्यामागून दुसऱ्या एका मुलीचे वडील मोठ्याने म्हणाले, "ही नक्की मुलगी आहे का? कोणी चेक केलंय?" पोरगी उंच आहे, खांदे भरलेले आहेत, केस बारीक कापलेले. बस, एवढंच. ती ट्रान्स, म्हणजे जन्माने मुलगा पण मुलगी म्हणून जगणारी, नाहीये, पण असती तरी तेरा वर्षांच्या लेकराशी असं बोलायचं का हा प्रश्न आहेच.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यातून जात नाहीये. आणि गंमत नाही, मनापासून सांगते, मी त्या वडिलांच्या पूर्णपणे विरुद्ध बाजूला नाहीये. मला वाटतं की वरच्या पातळीवर, म्हणजे ऑलिम्पिक, जागतिक स्पर्धा वगैरे, ज्यांचं शरीर पुरुषाचं म्हणून वयात आलंय त्यांनी महिलांच्या गटात उतरू नये. पळण्यात अव्वल पुरुष आणि अव्वल बायका यांच्यात १० ते १२ टक्क्यांचा फरक असतो, उड्यांमध्ये त्याहून जास्त, वेटलिफ्टिंगमध्ये तर ३० टक्क्यांच्या आसपास जातो. १०० मीटरला बोल्ट ९.५८ आणि ग्रिफिथ जॉयनर १०.४९. ही दरी मेहनतीने भरून निघत नाही, म्हणून तर आपल्याला वेगळा गट मिळाला. तो नसता तर माझ्यासारखीला पळायला लेनच मिळाली नसती.

पण हा गट राखायचा म्हणून जे चाललंय त्याची किंमत कोण देतंय? माझी पोरगी देतेय. यावर बोलूया. भांडण नको, पण मनात आहे ते लिहा.

जलतरंग:
अनघाताई, धाग्याबद्दल आभार. माझी मुलगी पोहते त्यामुळे लिया थॉमस या ट्रान्स जलतरणपटूचं प्रकरण मी सुरुवातीपासून बघत होतो. मार्च २०२२ मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजांच्या एनसीएए स्पर्धेत ५०० यार्ड फ्रीस्टाइल तिने ४:३३.२४ मध्ये जिंकली, त्याआधी ती त्याच युनिव्हर्सिटीच्या पुरुषांच्या टीममध्ये पोहायची. दुसरी आली एमा वायंट, जिच्याकडे टोकियो ऑलिम्पिकचं रौप्य आहे. सगळे हिच्याबद्दल बोलतात. मला आठवते ती सतरावी आलेली रेका जॉर्जी. सोळा जणींना संध्याकाळी परत पोहायला मिळतं, ही सतरावी, ते तिचं शेवटचं वर्ष होतं आणि तिने पत्र लिहून सांगितलं की माझी जागा गेली. पदक कोणाला मिळालं त्याची बातमी होते, टॉवेल गुंडाळून घरी गेलेल्या मुलीची होत नाही. पहाटे साडेचारला उठून पाण्यात उतरणाऱ्या पोरी मी रोज बघतो, त्यांना "समावेशकता" म्हणून गप्प बसवणं मला पटत नाही. माझ्या दृष्टीने महिला गटात ट्रान्स बायकांवरची बंदी बरोबर आहे आणि ती कॉलेज, शाळा सगळीकडे हवी.

मोकळा_श्वास:
लिहू की नको असं तासभर झालं. माझी धाकटी बहीण ट्रान्स आहे. ती काही खेळाडू नाही, म्हणजे पदकवाली नाही, पण बॅडमिंटन तिचा जीव होता, आठवड्यातून चार दिवस खेळायची. मग एक दिवस दुहेरीत तिच्याबरोबर कोणी उभं राहेना. कोणी काही बोललं नाही, फक्त जोड्या आधीच ठरलेल्या असायच्या. तिने रॅकेट कपाटावर टाकली ती अजून तिथेच आहे.

जलतरंग दादा, तुमच्या मुलीच्या मेहनतीबद्दल एक शब्दही काढणार नाही. पण आकड्यांचं भानही ठेवूया. डिसेंबर २०२४ मध्ये एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी अमेरिकन सिनेटसमोर सांगितलं की ५,१०,००० खेळाडूंमध्ये त्यांना माहीत असलेले ट्रान्स खेळाडू दहापेक्षाही कमी आहेत. दहा! फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी महिलांच्या खेळांतून ट्रान्स खेळाडूंना बाहेर ठेवायचा आदेश काढला आणि दुसऱ्याच दिवशी एनसीएएने नियम तसा बदलला. आणि लॉरेल हबर्ड आठवतेय का, न्यूझीलंडची ट्रान्स वेटलिफ्टर? टोकियोला जाण्याआधी जगभर आरडाओरडा, आता बायकांचं वेटलिफ्टिंग संपलं म्हणून. ४३ वर्षांची बाई, तीन वेळा स्नॅचचा प्रयत्न केला, एकही वैध लिफ्ट झाली नाही, आणि स्पर्धेतून बाहेर. म्हणजे प्रत्येक ट्रान्स स्त्री उतरली की जिंकलीच असं काही नाही. लियासुद्धा त्याच स्पर्धेत १०० यार्डला आठवी होती, हे कोणी सांगत नाही.

जलतरंग:
ताई, तुमच्या बहिणीबद्दल वाचून वाईट वाटलं, खरंच. क्लबात संध्याकाळी खेळायला कोणालाच अडवू नये, तिथे माझं काही म्हणणं नाही. पण हबर्ड हरली म्हणून फायदा नव्हता हे गणित मला पटत नाही. बाकीच्या बहुतेक लिफ्टर विशीतल्या आणि ही ४३ ची, तरी ऑलिम्पिकपर्यंत पोचली. आणि आकडा कमी आहे हे खरं, पण फायनलमध्ये आठच लेन असतात हो.

निरामय_डॉ:
थोडं शरीरशास्त्र, कारण दोन्ही बाजूंनी अर्धवट माहिती फिरते. मी हार्मोनचे पेशंट बघतो, खेळाडूंचा डॉक्टर नाही.

बायकांमध्ये टेस्टोस्टेरॉन साधारण २ नॅनोमोल प्रति लिटरच्या खाली असतं, पुरुषांमध्ये साधारण ८ ते ३० च्या दरम्यान. मधे मोठी मोकळी पट्टी आहे. वयात येताना या एका गोष्टीमुळे उंची, हाडांची जाडी, हृदय-फुप्फुसाचा आकार, स्नायू सगळं बदलतं. आता ट्रान्स स्त्रीने औषधं सुरू केली की काय होतं? हिमोग्लोबिन तीन-चार महिन्यांत बायकांच्या पातळीला येतं, हे अगदी पटकन. स्नायूंचं तसं नाही, पहिल्या वर्षात घट होते पण साधारण ५ टक्केच. उंची आणि हाडांची लांबी तर कमी व्हायचा प्रश्नच नाही. अमेरिकन हवाई दलातल्या लोकांवर एक अभ्यास झाला होता, त्यात दोन वर्षांनी पुशअप आणि सिटअपमधला फरक संपला पण पळण्यातला साधारण १२ टक्के उरला. याच्या उलट, ऑलिम्पिक समितीच्या पैशावर झालेला आणि २०२४ मध्ये आलेला एक छोटा अभ्यास आहे, त्यात ट्रान्स खेळाडू बायकांची हाताची पकड जास्त निघाली पण उडी कमी, आणि वजनाच्या मानाने ऑक्सिजन वापरायची क्षमताही कमी. मोठी चौकट, कमी इंजिन असं समजा. म्हणजे सगळ्या खेळांना एकच उत्तर कसं लागू होईल? तिरंदाजी आणि रग्बी एका नियमात बसवता येत नाहीत.

आणि वयात येण्याआधी? दहा-अकरा वर्षांच्या मुलामुलींत फरक नगण्य असतो. म्हणून शाळेतल्या लहान गटात या विषयावर वाद घालणं मला वैद्यकीयदृष्ट्या निरर्थक वाटतं, जलतरंग, तुम्ही शाळा म्हणालात म्हणून सांगतो.

रोखठोक_७१:
एवढं शास्त्र कशाला, पॅरिस ऑलिम्पिकच्या बॉक्सिंगमध्ये सगळ्या जगाने बघितलं. पुरुषाने बाईला ठोसे मारले, ४६ सेकंदात ती रडत रिंगच्या बाहेर. यावर काय बोलायचं राहिलंय?

अनघा_आठशे:
रोखठोक काका, इथे थांबवते, कारण माझ्या पोरीला जे ऐकावं लागलं ते याच्यातूनच आलंय. तुम्ही म्हणताय ती अल्जीरियाची बॉक्सर इमान खलिफ ट्रान्स नाही. जन्मापासून मुलगी म्हणून वाढली, पासपोर्टवर स्त्री, मुलगी म्हणूनच बॉक्सिंग शिकली. टोकियोला ती क्वार्टर फायनलमध्ये केली हॅरिंग्टनकडून हरली होती, तेव्हा कोणी काही म्हणालं नाही. २०२३ मध्ये एका बॉक्सिंग संघटनेने तिला आणि तैवानच्या लिन यू-तिंगला लिंगचाचणीचं कारण देऊन बाद केलं, ऑलिम्पिक समितीने ती प्रक्रियाच मनमानी ठरवली आणि दोघींना खेळू दिलं, दोघी सुवर्ण जिंकल्या. तिच्या जनुकांबद्दल वाद आहे, तो होऊ द्या, पण तो वाद वेगळा आहे, त्याला जन्मजात लैंगिक विकासातले फरक म्हणतात. ट्रान्सजेंडर म्हणजे ते नाही. आणि रडत बाहेर पडलेल्या इटलीच्या अँजेला कारिनीने नंतर स्वतः खलिफची माफी मागितली.

रोखठोक_७१:
हे माहीत नव्हतं. मला आलेल्या व्हिडिओखाली सरळ ट्रान्स लिहिलं होतं आणि मी तो चार ग्रुपवर पाठवलाही होता. तिथे दुरुस्ती टाकतो. ट्रान्स खेळाडूंबद्दलचं माझं मत मात्र बदललेलं नाही, बॉक्सिंग आणि रग्बीत तर नाहीच नाही, तिथे पदक नाही, मान मोडायचा प्रश्न असतो. वर्ल्ड रग्बीने २०२० मध्येच बंदी घातली ती याच कारणाने ना?

निरामय_डॉ:
हो, जागतिक पातळीवर अशी पहिली मोठी संघटना तीच. टक्कर घेणाऱ्या खेळात वजन आणि वेग यांचा विचार करावाच लागतो, तिथे तुमचा मुद्दा मला मान्य आहे.

जुना_ट्रॅक:
मी बरीच वर्षं मैदानावर पंच म्हणून उभा राहिलोय. हा प्रश्न ट्रान्स शब्द येण्याच्या कितीतरी आधीपासून आहे आणि प्रत्येक वेळी भोगलं ते अशा बायकांनी ज्यांनी काही लपवलंच नव्हतं. साठच्या दशकात बायकांना डॉक्टरांसमोर कपडे काढून उभं राहावं लागायचं. मग जनुकांची चाचणी आली, सगळ्यांना वाटलं आता सभ्य मार्ग सापडला. १९८५ मध्ये जपानमधल्या कोबेला, विद्यापीठांच्या जागतिक स्पर्धेत, स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो त्यात सापडली. गुणसूत्रं एक्स-वाय, पण शरीर टेस्टोस्टेरॉनला दादच देत नाही, म्हणजे त्याचा फायदा शून्य. तिथे तिने सांगितल्याप्रमाणे दुखापतीचं नाटक केलं, पण पुढच्या स्पर्धेआधी परत तेच सांगितलं गेलं तेव्हा तिने नकार दिला आणि पळली, मग बातमी फोडली गेली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले, ठरलेलं लग्न मोडलं. तीन वर्षं झगडून १९८८ मध्ये परत मान्यता मिळाली, तोवर ऐन उमेदीचा काळ संपला. १९९६ ला अटलांटात आठ जणी चाचणीत "नापास" झाल्या, आठही जणींना शेवटी खेळू दिलं. त्यानंतरच सरसकट चाचणी बंद झाली. आणि आता तीच परत आली आहे.

आपल्या शांती सौंदराजनचं तर बोलवत नाही. २००६, दोहाचं एशियाड, ८०० मीटरचं रौप्य. लिंगचाचणीनंतर पदक काढून घेतलं, आणि का काढलं ते तिला धड समजावूनही सांगितलं नाही. पुढे त्या मुलीवर वीटभट्टीवर रोजंदारी करायची वेळ आली. तिने कोणाला फसवलं होतं?

अनघा_आठशे:
काका, शांतीचं नाव तुम्ही घेतलंत, मी ते मुद्दाम टाळलं होतं, कारण ८०० मीटर पळणारी कुठलीही मुलगी ती गोष्ट नुसती वाचू शकत नाही.

त्यात एक मात्र घडलं. द्युती चंदला २०१४ मध्ये राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर टेस्टोस्टेरॉन जास्त म्हणून काढलं तेव्हा ती गप्प बसली नाही, क्रीडा लवादात गेली. जुलै २०१५ मध्ये लवादाने टेस्टोस्टेरॉनचा तो नियमच स्थगित केला. २०१८ ला जकार्तात तिने १०० आणि २०० मध्ये रौप्य आणलं. दक्षिण आफ्रिकेची ८०० मीटरची ऑलिम्पिक विजेती कास्टर सेमेन्या मात्र अशाच नियमाविरुद्ध २०१९ मध्ये लवादात २-१ ने हरली, पुढे युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं की तिच्या बाजूची नीट सुनावणी झाली नव्हती, पण ती परत ८०० पळू शकली नाही ती नाहीच.

आता वर्ल्ड अ‍ॅथलेटिक्सचा नियम असा आहे, मार्च २०२३ पासून पुरुष म्हणून वयात आलेल्या ट्रान्स बायकांना जागतिक रँकिंगच्या महिला स्पर्धांमध्ये बंदी, आणि १ सप्टेंबर २०२५ पासून महिला गटात उतरणाऱ्या प्रत्येकीची आयुष्यात एकदा एसआरवाय जनुकाची (वाय गुणसूत्रावरचं, पुरुष शरीर घडवणारं जनुक) चाचणी, गालाच्या आतून बोळा फिरवून किंवा रक्तातून. पहिल्या भागाला माझं समर्थन आहे हे वर लिहिलंच. दुसऱ्यावर मी अडखळते. एकीकडे वाटतं, सगळ्यांची चाचणी असेल तर निदान फक्त उंच, सपाट छातीच्या, बारीक केसांच्या मुलींवर बोट दाखवणं थांबेल. दुसरीकडे, पातिन्योसारखी एखादी वीस वर्षांची मुलगी आपल्या शरीराबद्दलची एवढी मोठी गोष्ट प्रयोगशाळेच्या कागदातून कळून घेणार, आणि तेव्हा तिच्याजवळ कोण असणार?

जलतरंग:
यावर उपाय म्हणून खुला गट करता येईल ना? ज्यांना महिला गटात जागा नाही त्यांनी तिथे यावं, सन्मानाने.

मोकळा_श्वास:
केला होता दादा. ऑक्टोबर २०२३ ला बर्लिनला पोहण्याच्या वर्ल्ड कपमध्ये खुला गट ठेवला, एकही नाव आलं नाही, रद्द झाला. लोक म्हणाले बघा, यांना खेळायचंच नाही. पण विचार करा, त्या गटात नाव देणं म्हणजे जगासमोर स्वतःची ओळख जाहीर करणं, मागे कॅमेरे, खाली कमेंटी. आणि दोन जणी आल्या तर शर्यत कोणाशी? माझी बहीण म्हणते मला वेगळं टेबल नको होतं, मला फक्त समोर शटल मारणारं कोणीतरी हवं होतं.

आणि एक विचारते, राग मानू नका. एफआयडीई या बुद्धिबळाच्या जागतिक संघटनेने २०२३ मध्ये बुद्धिबळातसुद्धा ट्रान्स बायकांना दोन वर्षांपर्यंत महिला स्पर्धांतून बाहेर ठेवायचा नियम आणला. बुद्धिबळात कुठलं हाड, कुठला स्नायू? तेव्हा कळतं की सगळीच काळजी स्नायूंची नसते.

निरामय_डॉ:
बुद्धिबळाबाबत पूर्ण सहमत, त्याला शारीरिक आधार काहीच नाही.

जलतरंग:
मलाही बुद्धिबळाचं माहीत नव्हतं, तो नियम चुकीचाच आहे. ठीक, शाळेबद्दलचं माझं वाक्य मागे घेतो, लहान गटांबाबत डॉक्टर म्हणतात ते बरोबर आहे. कॉलेज आणि त्यापुढच्या स्पर्धांबद्दल मात्र मी जागचा हललेलो नाही. जिथे निवड होते, जागा मर्यादित असतात, तिथे पुरुष म्हणून वयात आलेलं शरीर नको. क्रिकेटमध्ये आयसीसीने नोव्हेंबर २०२३ मध्ये नेमकं हेच केलं, आंतरराष्ट्रीय सामन्यांना बंदी आणि देशांतर्गत सामन्यांचं ज्या त्या बोर्डावर सोडलं. हा मधला मार्ग मला बरा वाटतो.

मोकळा_श्वास:
आणि जिला वयात येण्याआधीच औषधं मिळाली तिचं काय? पोहण्याच्या नियमात बारा वर्षांच्या आधी किंवा वयात यायच्या सुरुवातीच्या टप्प्याआधी बदल केलेल्यांना मुभा आहे, पण बऱ्याच ठिकाणी आता ती औषधंच अठरा वर्षांखाली बंद होतायत. म्हणजे दार उघडं ठेवलंय आणि जिना काढून घेतलाय.

जुना_ट्रॅक:
यावर माझ्याकडे उत्तर नाही, पोरी. एक पंच म्हणून एवढंच सांगतो, माझ्या मैदानावर कोणा पालकाने मुलीच्या शरीराबद्दल तोंड उघडलं तर त्याला बाहेर काढायचा अधिकार पंचाला हवा, नियमात लिहून. हरकत घ्यायचीय तर लेखी घ्या, आयोजकांकडे द्या, मुलीच्या कानावर जाता कामा नये. स्पाइक्सच्या खिळ्यांची लांबी मोजायला नियम आहे, याला का नसावा?

अनघा_आठशे:
काका, हे मी आमच्या स्पर्धांच्या आयोजकांना खरंच लिहून देणार आहे, तुमच्याच शब्दांत. मोकळा_श्वास, तुम्ही कुठे राहता माहीत नाही, पण माझ्या ग्राउंडच्या जवळ असाल तर बहिणीला सांगा, मुलींचा सराव संपल्यावर आम्ही तीन-चार मोठ्या बायका तासभर बॅडमिंटन खेळतो, आणि आमच्यात नेहमी एक कमी पडते.

दोन आठवड्यांनी परत लिहितेय कारण काही जणांनी पोरीची चौकशी केली. त्या स्पर्धेनंतर ती पाच दिवस आलीच नाही, आई म्हणाली पोट दुखतंय. सहाव्या दिवशी आली. सराव चांगला झाला, ६०० चे तीन रिपीट केले आणि तिसरा सगळ्यात फास्ट. पण तिने कानात डूल घातले होते, लांब लोंबणारे. कधीच घालत नाही, आवडतच नाहीत तिला. मी म्हटलं अगं, शर्यतीत लोंबतं काही चालणार नाही, काढून ठेव. म्हणाली, "स्टार्टला काढीन ना मॅडम, तोपर्यंत राहू दे."